चाळीस झाडं आणि थोडा खोकला

बेन, परवा तुम्हाला तापीकाठी पोचवायला सव्वा लाख माणसं आली होती.

कळलं, कळलं. दहानं भागतो. साडेबारा हजार. तरी तुमची भुवई वरच आहे, म्हणजे आणखी एकदा भागायला हवं. साडेबाराशे. याच्या खाली मात्र मी उतरणार नाही. पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षावाल्यांनी स्वतःहून रस्ता सोडला होता. सुरतेतला रिक्षावाला स्वतःहून रस्ता सोडतो, ही थाप मी आजवर माझ्या एकाही गोष्टीत घातली नव्हती. मलाच ती जरा जास्त वाटायची.

आपल्या मराठी मंडळातल्या लोकांनी सांगितलं, भाऊ, बेनवर अंकासाठी दोन शब्द लिहा. दोन शब्दांत माझी शिंकसुद्धा मावत नाही. मग त्यांनीच विचारलं, बेनचा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, लग्न का केलं नाही. मला काय माहीत? तुम्हाला माझ्या छातीतला कोपरा न् कोपरा पाठ होता आणि मला तुमच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, की चहात आलं कमी पडलं तर तुमचा पहिला रोगी शिव्या खातो. तेव्हा जन्म-शिक्षण दुसरं कोणी लिहो. मी आपलं झाडांपासून सुरू करतो.

बुलढाण्याकडून मी नुकता सुरतेला आलो होतो. तुमच्या दवाखान्याच्या बरोबर समोर सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. दुकान म्हणजे एक पत्रा, एक पंप, पाण्याचं घमेलं आणि माझं तोंड. आल्या आल्या सुरतेचं पाणी बाधलं आणि पोट असं फुटलं, असं फुटलं, की बेन, त्या दिवशी तापीनं मला बघून लाजेनं मान खाली घातली असेल. भिंत धरत धरत रस्ता ओलांडला आणि तुमच्यासमोर येऊन बसलो. तुम्ही माझी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि विचारलं, "केटला झाडा थया?"

आता मला गुजराती येत होतं ते 'केम छो' पुरतं. झाडा म्हणजे जुलाब हे मला कोण सांगणार? मला वाटलं, काय भली बाई आहे. एवढा आजारी माणूस दारात आला तरी आधी त्याचं गाव विचारते, त्याची झाडं विचारते. परमुलखात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या मागची चौकशी केली होती. अशा वेळी माणसानं खरं सांगून आपल्या गावाची अब्रू घालवायची का? मी ताठ बसलो आणि म्हणालो, "चाळीस."

तुमच्या हातातून पेन पडलं. "चाळीस? आजे ने आजे?"

"आजची नाहीत, बेन. आजोबांच्या आधीपासूनची."

"आजोबाथी?"

"हो ना. आंब्याची तर वेगळीच."

त्यानंतर मला कळलं ते एवढंच, की मी बाकड्यावर आडवा आहे, खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली लटकते आहे आणि तुम्ही माझ्या मनगटावरची नाडी धरून माझ्याकडे असं बघता आहात, जसं की मी केव्हाही जाईन. शेजारच्या बाकड्यावर जळगावकडच्या एक म्हाताऱ्या मावशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अरे बाबा, झाडं नाही विचारत त्या. परसाकडे किती वेळा गेलास, विचारतात."

तुम्ही हसलात ते, बेन, कडोदऱ्यापर्यंत ऐकू गेलं. तिथले कापडाचे माग मिनिटभर बंद पडले. हसून झाल्यावर तुम्ही डोळे पुसले आणि खरा आकडा विचारला, "तो पछी साचुं केटला?"

"दहा-बारा," मी म्हणालो.

"एटले के चार."

चारच होते. मी थक्क झालो. तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारलं, तर तुम्ही माझी जीभ बोटानं दाखवली, की ही एवढी कोरडी नाही. पण माझा माझ्यापुरता समज वेगळा आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी माझं माप काढलंत. त्या दिवसापासून मी काहीही सांगितलं, की तुम्ही आधी डोळे मिटून भागाकार करायच्या आणि मग औषध लिहायच्या.

त्या गोंधळातून तुम्ही जे काढलंत ते मात्र दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. पुढच्या आठवड्यात मी सलाइनचे आभार मानायला आलो तर तुम्ही एका मागवाल्याला विचारत होतात, तोडक्यामोडक्या मराठीत, "भाऊ, तुमच्या दारात कोणचा झाड?" तो माणूस अर्धमेला बसला होता. झाडाचं नाव काढताच त्याची पाठ सरळ झाली. चिंचेबद्दल सांगायला लागला. ती कोणी लावली, तिच्यावर भूत कसं आहे, भुताचं लग्न कसं ठरत नाही. तुम्ही हूं हूं करत त्याच्या डोळ्यांत बघत होतात, नखं बघत होतात, वाक्याच्या मध्येच त्याचा दम कुठं तुटतो ते ऐकत होतात. मग त्याला पाणी दिलंत आणि म्हणालात, "हवे बोल, काय होते?" आणि त्यानं ते सांगितलं, जे तो बायकोलासुद्धा सांगत नव्हता.

बाहेर बाकावरचे लोक कुरकुरायचे. रेशनची लाइन याहून लवकर सरकते म्हणायचे. मीही म्हणायचो. तुम्ही दारातून डोकं बाहेर काढून ज्या दोन-तीन शिव्या द्यायच्या त्या इथे छापता येत नाहीत, कारण अंक शाळेतल्या बाई तपासतात. पण सुरतेत शिवी मिळाली म्हणजे माणूस घरचा झाला. तुमच्या बाकावर बसून सगळी वऱ्हाडी, सगळी मराठवाडी, चलथाणच्या साखर कारखान्यावरची ऊसतोडीची माणसं, सगळी घरची झाली.

मी तुमचा दुभाषी कसा झालो ते आठवतं? गळवामुळे. परभणीकडचा एक दणकट गडी आला आणि म्हणाला, "गळू दुखतंय." गुजरातीत गळुं म्हणजे घसा. तुम्ही बॅटरी घेतली आणि म्हणालात, मोटुं मों खोल. तो बिचारा तोंड उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो आणि दोन्ही हातांनी लुंगी घट्ट धरून बसतो, कारण त्याचं गळू होतं ते बसायच्या जागी. तुम्ही म्हणता, घसा तर साफ आहे. तो म्हणतो, बाई, तिथून नाही दिसायचं. मी समोरून धावत आलो नसतो तर तो घशाचं औषध घेऊन उभ्यानं परभणीला गेला असता.

पण दुभाषी म्हणून मी तुम्हाला तापच दिला. रोगी म्हणायचा, पोट जरा जड आहे. मी सांगायचो, बेन, पोटात दगडाचं जातं फिरतंय, आतडी पिळवटून निघतायत, माणूस उद्या दिसत नाही. तुम्ही डोळे मिटायच्या, दहानं भागायच्या. एकदा वैतागून म्हणालात, "भाऊ, तू पंक्चर काढते तेव्हा ट्यूबला विचारते, तुला कुठे दुखते?"

"ट्यूबला तोंड कुठे असतं?"

"म्हणून ती खोटा नाही बोलते. पाण्यात बुडवली की बुडबुडे. तू मधी नको टाकू मिरची-मसाला. तो काय बोलला तेवढाच बोल."

त्यावरून आपला जो वाद सुरू झाला तो आजतागायत संपलेला नाही. माझं म्हणणं होतं, आणि आहे, की आजारी माणसाशी थोडं खोटं बोलावं. परवा उठून पळशील, असं सांगावं. तो निदान बसतो तरी. तुमचं म्हणणं, मी एकदा खोटं बोलले तर तो दुसऱ्यांदा मला खरं सांगणार नाही, मग मी कोणाला तपासू? मी म्हणायचो, बेन, लोकांना धीर लागतो. तुम्ही म्हणायच्या, धीर मी बाजूला बसून देते, तोंडानं खरंच देते. आणि खरंच, कोणाला वाईट सांगायचं असलं की तुम्ही टेबलाच्या मागची खुर्ची सोडून या बाजूला, त्याच्या बाकावर येऊन बसायच्या. बेन बाकावर बसली, की बाहेरच्यांना कळायचं आणि कुरकुर आपोआप बंद व्हायची.

प्लेगच्या त्या भगदडीच्या सालाबद्दल मी इथे लिहिणार नाही. अख्खं सुरत गाड्यांना लटकून पळालं तेव्हा तुमचं दार उघडं होतं, हे सगळेच सांगतील. मी त्यात भर घातली तर लोक त्यालाही दहानं भागतील आणि ती एकच गोष्ट भागू देण्यासारखी नाही.

मी सांगणार आहे ते खोकल्याचं.

दिवाळी झाली होती. मला खोकला लागला होता आणि मी तो दुकानाच्या मागे, पंपाच्या आवाजात लपवून खोकत होतो. पट्ट्याला मी खिळ्यानं नवं भोक पाडलं होतं. तुम्ही सकाळी दवाखाना उघडताना रस्त्यापलीकडून रोज हाक मारायच्या, "केम छे भाऊ, मजामां?" आणि मी हात वर करून सांगायचो, "मजामां." आमच्या गावी ज्याला तो खोकला झाला त्याची खाट गोठ्यात गेली, ताटली वेगळी झाली आणि तो जिवंत असतानाच लोक त्याच्याबद्दल 'होता' म्हणून बोलायला लागले. हे मी पाहिलेलं होतं. यात दहानं भागण्यासारखं काही नाही.

एका दुपारी चलथाणहून ऊसतोडीचा एक माणूस आला होता. त्याचं बोलणं सांगायला तुम्ही मला बोलावलंत. सांगून झालं, तो उठला आणि तुम्ही कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलंत, "भाऊ, तुला खोकला आहे?"

"थोडा," मी म्हणालो.

तुमचा हात थांबला. "फरी बोल."

"थोडा खोकला आहे."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. या वेळी पडलं नाही, ठेवलंत. उठून अर्धं दार लोटलंत आणि टेबलाच्या या बाजूला, माझ्या बाकावर येऊन बसलात. त्या बाकाचा अर्थ मला ठाऊक होता.

"तुला शिंक आली तर कडोदऱ्याचे पत्रे उडते," तुम्ही म्हणालात. "पायात काटा गेला तर तू सांगते, तलवार. सर्दी झाली तर तापीला पूर. आणि खोकला थोडा? इतक्या वरसात तुझ्या तोंडून 'थोडा' मी पहिल्यांदा ऐकला. थोड्याला दहानं कसा भागू, भाऊ? माझा हिशोब नाही बसते. मला भीती वाटते."

मी हसायचा प्रयत्न केला.

"सांग, दारात कोणचा झाड?"

मी सुरू केलं. आंबा सांगितला. लिंब सांगितला. तिसरं झाड मला सांगता आलं नाही, बेन. दम तिथंच तुटला. चाळीस झाडं एका श्वासात सांगणारा माणूस तिसऱ्या झाडापाशी बसला. तुम्ही माझ्या पाठीला नळी लावलीत. घमेल्यात बुडवलेल्या ट्यूबकडे मी जसा बघतो, तसं ऐकत होतात. बुडबुडे कुठून येतात ते.

थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. मी म्हणालो, बेन, याला दुसरं नाव द्या. अशक्तपणा म्हणा. सुमनला अशक्तपणा म्हणून सांगा, एवढं माझ्यासाठी करा. सुमन म्हणजे माझी बायको. ती माहेरी निघून जाईल, दुकानावर कोणी सायकल आणणार नाही, मला परत गावी त्या गोठ्यात जावं लागेल, असं सगळं मी तुमच्यापुढे मांडलं. मिरची नव्हती, मसाला नव्हता. तुम्ही डोळे मिटले नाहीत.

"मी खोटा नाही बोलणार," तुम्ही म्हणालात. "तू सांग तिला. मी बाजूला बसते."

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या एका बाकावर. मी मध्ये, एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला सुमन. मी सांगितलं. सुमन ऐकत राहिली आणि मग तिनं सुस्कारा टाकला.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "दोन मयने झाले, बोलून नाई राह्यले, जेवून नाई राह्यले. मले वाटलं, दुसरी आणून ठेवली का काय कडोदऱ्याले."

तुमचं हसू असं फुटलं, की मलाही हसावं लागलं आणि हसताना खोकला आला आणि तुम्ही दोघींनी एकाच वेळी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ताटली येगळी करू का बेन?" सुमननं विचारलं.

"ताटली तीच. खिडकी उघडी ठेव. थोडे दिवस हा तोंडावर रुमाल बांधून बोलेल. तुला पण आराम."

"अन् गोठ्यात?"

"सुरतमध्ये गोठा कुठून आणशील? इथे माणसाला जागा नाही." मग तुम्ही गंभीर झालात. "गोळ्या पूर्ण घेतल्या तर बरा होते. अर्ध्यात सोडल्या तर नाही होते. लघवी लाल होईल, घाबरायचा नाही, ते गोळीचा रंग आहे."

सुमन म्हणाली, "बेन, ह्यायचं खरं कोणतं अन् खोटं कोणतं, मले आजवर समजलं नाई."

तुम्ही माझ्या डोक्यावरून तिच्याकडे वाकलात, जसं मी तिथं नव्हतोच. "मोठा बोलते तेव्हा हसायचा. 'थोडा' बोलते तेव्हा हातातला काम सोडायचा आणि याला धरून माझ्याकडे आणायचा."

अशी माझ्याच बाकावर, माझ्याच देखत, तुम्ही दोघींनी माझ्याविरुद्ध युती केलीत.

रोज सकाळी तुमच्यासमोर गोळी घ्यायची, असं ठरलं. तुमच्याच ग्लासातलं पाणी. "गोळी आधी, गोष्ट मग," हा तुमचा कायदा. गोळी गिळली की मी रुमालाआडून एक गोष्ट सांगायचो आणि तुम्ही तिला भागून हसायच्या. लघवी लाल झाली तेव्हा मी शेजाऱ्यांना सांगितलं, की मी रोज केशर पितो. दोघांनी दुकानदाराकडे केशराचा भाव विचारला.

आणि मग मी बरा झालो. म्हणजे मला तसं वाटलं. खोकला गेला, भूक अशी लागली की सुमन म्हणाली, पोळपाट तेवढं ठेवा. पट्ट्याचं भोक मागे सरकलं. मला वाटायला लागलं, की मी आता कोणालाही चीत करीन, मग रोज उपाशी पोटी मळमळ कशाला? एक दिवस आलो नाही. दुसऱ्या दिवशी आलो नाही. तुम्ही हाक मारलीत तर मी रस्त्यापलीकडून ओरडलो, "एकदम मजामां."

भर दुपारी, बाक भरलेला असताना तुम्ही रस्ता ओलांडून माझ्या पत्र्याखाली आलात. बाकावरचे सगळे माना वळवून बघत होते. मला वाटलं, आता शिव्या. मी तयारी ठेवली होती. पण तुम्ही उलट्या डब्यावर बसलात आणि म्हणालात, "पंक्चर काढ. मला बघायचा आहे."

एका मागवाल्याची सायकल उभीच होती. तो घाई करत होता. मी ट्यूब काढली, घमेल्यात बुडवली, बुडबुडे सापडले. जागा घासली, सोल्युशन लावलं आणि हातात धरून बसलो. तो मागवाला म्हणाला, भाऊ, चिकटवा की लवकर, पाळीला उशीर होतो. आणि मी त्याला तेच म्हणालो, जे दिवसातून वीस वेळा कोणालातरी म्हणतो, "सोल्युशन वाळू दे. ओल्यावर चिकटवलं तर दिसायला चिकटेल आणि पर्वत पाटिया ओलांडायच्या आत पुन्हा बसेल. मग ट्यूबच जाईल."

तुम्ही डब्यावरून उठलात, पदर झटकलात आणि फक्त माझ्याकडे बघत राहिलात.

माझ्या हातात ती ट्यूब होती, बेन. सोल्युशन अजून ओलं होतं.

"वर्षानुवर्षे समोर बसून ऐकते मी तुझा हा मंत्र," तुम्ही शेवटी म्हणालात. "कोणी तरी तुला पण सांगायला पाहिजे." आणि निघून गेलात.

त्या मागवाल्याला काही समजलं नाही. तो म्हणाला, बेन का आल्या होत्या? मी म्हणालो, माझंच पंक्चर काढायला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचं दार उघडायच्या आधी मी दारात होतो. तुम्ही एका शब्दानंही टोमणा मारला नाहीत. ग्लास पुढे केलात आणि म्हणालात, "गोळी आधी."

शेवटचा फोटो आला तेव्हा तुम्ही तो खिडकीच्या उजेडात धरलात, बराच वेळ पाहिलात, माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "मजामां." आयुष्यात मला हा शब्द हजार लोकांनी विचारला असेल. उत्तर म्हणून तो मला दुसऱ्या माणसाकडून मिळाला तो तेव्हाच. हजाराला भागू नका, बेन. कमीच असेल.

त्यानंतर कोणी गोळ्या अर्ध्यात सोडल्या, की तुम्ही त्याला सायकलची हवा भरायला म्हणून माझ्याकडे पाठवायच्या. त्याच्याकडे सायकल नसली तरी. त्याला कळायच्या आत मी त्याच्या हातात सोल्युशन लावलेली ट्यूब ठेवत असे.

आणि मग या वर्षी तुम्ही दवाखाना दुपारी बंद करायला लागलात. साड्या सैल दिसायला लागल्या. मी रस्त्यापलीकडून विचारायचो, केम छो बेन? तुम्ही हात वर करून म्हणायच्या, मजामां. खोट्याची मला आयुष्यभराची पारख आहे, पण तुमच्या तोंडचं खोटं मी कधी ऐकलेलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला.

मोठ्या दवाखान्यात तुम्हाला ठेवलं तेव्हा मी आणि सुमन आलो. मी स्टुलावर बसलो, मग उठलो आणि तुमच्या खाटेच्या कडेला बसलो. ती रीत तुमचीच होती.

"केम छो बेन?"

"मजामां."

"दहानं भागू?"

तुम्ही खिडकीकडे बघितलंत. मग हळूच म्हणालात, "थोडा दुखते, भाऊ."

सुमननं हातातली पिशवी खाली ठेवली. बोलण्यासारखं त्या एका शब्दात सगळं आलं होतं. मला आपला वाद आठवत होता. मनात आलं, आता सांगावं, परवा उठून पळाल. तोंडापर्यंत आलं होतं. पण तुम्हीच म्हणालात, "गोष्ट सांग. मोठी सांग. आज नाही भागणार."

म्हणजे आमच्या बाजूला आलात की काय, बेन? का मला बरं वाटावं म्हणून ऐकत होतात? हे मला विचारायचं होतं. वाद असा मध्येच टाकून कोणी जातं का? मी तुम्हाला चाळीस झाडांची गोष्ट सांगितली. एकेक झाड सांगितलं, नाव घेऊन, कोणावर कोणतं पाखरू, कोणाखाली कोण भांडलं. यावेळी दम तुटला नाही. तो दम तुमचाच होता. मी तो तुमच्यासमोर पुरता खर्च केला. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात आणि शेवटच्या झाडापाशी म्हणालात, "हवे साचुं बोल. केटला झाड?"

"एक," मी म्हणालो. "बोरीचं. तेही शेजाऱ्याचं. सावली तेवढी आमच्या दारात पडायची."

तुम्ही हसलात. कडोदऱ्यापर्यंत नाही गेलं ते, पलीकडच्या खाटेपर्यंत गेलं. तिथली बाई आपलं दुखणं विसरून आमच्याकडे बघायला लागली. मग तुम्ही सुमनचा हात धरलात आणि म्हणालात, "शेजाऱ्याची सावली पण चांगली असते."

एवढंच. त्याच्यापुढे मी काही वाढवणार नाही. वाढवता येतं, पण नको.

आज सकाळी दुकान उघडलं. समोर तुमच्या दारासमोर चलथाणचा कोणी एक बसला होता, त्याला माहीत नव्हतं. मी त्याला पाणी दिलं, दारात कोणतं झाड म्हणून विचारलं. त्यानं सांगितलं. मी ऐकलं. पुढचं काय विचारायचं ते मला येत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या दवाखान्यापर्यंत सोडून आलो.

दुपारी घरी जेवायला गेलो. सुमन भाकरी थापत होती. मी बोलत नव्हतो, तेव्हा तिनं तव्याकडे बघतच विचारलं, "काहून गुमसुम बसले? बेनची आठवन येऊन राह्यली का?"

"थोडी," मी म्हणालो.

सुमननं भाकरी तशीच परातीत टाकली, तवा खाली उतरवला आणि ती पिठाच्या हातांनी माझा हात धरून माझ्याजवळ बसली. धरून तुमच्याकडे आणायला आता समोर तुम्ही नव्हतात, बेन. म्हणून आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.